गुडूची : द्रव्यनिश्चिती आणि आपली जबाबदारी

गुडूची हे वैद्याच्या नित्य वापरातील द्रव्य. ज्वर, कामला, वातरक्त, प्रमेह अशा अनेक व्याधींत आपण तिची योजना करतो. चरकाचार्यांनी चार मेध्य रसायनांत गुडूचीस्वरसाची गणना केली आहे. अमृतारिष्ट, संशमनी वटी, कैशोर गुग्गुळ हे कल्प तर प्रत्येक औषधालयात असतातच. इतक्या परिचित द्रव्याविषयी पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन काय, असे वाचकांस वाटेल. प्रयोजन असे, की अतिपरिचयामुळेच आपण तिची ओळख पटवून घेणे सोडून दिले आहे.

पार्श्वभूमी

कोरोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतशोथ झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास पुढे आला. त्यांपैकी बऱ्याच रुग्णांत स्वप्रतिरक्षित यकृतशोथासारखे स्वरूप आढळले. आयुष मंत्रालयाने गुडूची सुरक्षित असल्याचे सांगितले, वनस्पतीच्या ओळखीविषयी आक्षेप घेतला आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या साम्य असलेल्या जातीबद्दल सावध केले.

हा आक्षेप आपणास सोयीचा वाटतो. परंतु तोच प्रश्न उद्या आपल्या कोठारातील मालाविषयी विचारला गेला, तर आपल्यापाशी कोणते उत्तर आहे?

प्रजाती आणि जाती

टिनोस्पोरा ही मेनिस्पर्मेसी कुलातील उष्णप्रदेशीय वेलींची प्रजाती. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. व्यवहारात तीन जातींचा विचार पुरेसा आहे.

१) टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया : हीच शास्त्रोक्त गुडूची. पाने हृदयाकृती, गुळगुळीत. पाकळ्या सहा. फळे गोल, पिकल्यावर लाल.

२) टिनोस्पोरा सायनेन्सिस (पूर्वीचे नाव मलबारिका) : पानांवर, विशेषतः खालच्या बाजूस, दाट लव असते. हिलाच अनेक जण पद्मगुडूची मानतात.

३) टिनोस्पोरा क्रिस्पा : मुख्यतः आग्नेय आशियातील वेल. कांड करडे व गाठीगाठींचे, पाकळ्या तीन, फळे लांबट व नारिंगी. हिच्या सेवनाने यकृतविकार झाल्याच्या नोंदी परदेशी वैद्यकीय वाङ्मयात पूर्वीपासून आहेत.

येथे एक फसगत संभवते. ‘गाठी दिसल्या की क्रिस्पा’ असे सरसकट म्हणता येत नाही. खऱ्या गुडूचीचे कोवळे कांड हिरवे व गुळगुळीत असले, तरी जून कांडावर वातरंध्रांमुळे चामखिळीसारखे उंचवटे दिसतातच. क्रिस्पाच्या गाठी अधिक ठळक, दाट व बोथट असतात. हा फरक दोन्ही नमुने शेजारी ठेवल्यावरच नीट कळतो. आमच्याकडे आलेल्या एका मोळीत अशी संशयास्पद कांडे मिसळलेली आढळली. वाळलेल्या तुकड्यांना पान नाही, फूल नाही. निश्चित निर्णय करता येईना, म्हणून तो सर्व माल आम्ही बाजूला काढला. आडवा छेद घेतल्यास चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते व त्यावरून ‘चक्रलक्षणिका’ हे पर्यायनाम सार्थ ठरते. तथापि केवळ या लक्षणाने जातीचा निर्णय होत नाही.

मानके काय सांगतात?

आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार गुडूचीत बाह्य द्रव्य २ टक्के, एकूण रक्षा १६ टक्के व आम्लात न विरघळणारी रक्षा ३ टक्के यांहून अधिक नसावी. जलविद्राव्य सार ११ टक्क्यांहून व मद्यविद्राव्य सार ३ टक्क्यांहून कमी नसावे. माती मिसळलेला किंवा सत्त्व काढून घेतलेला निःसार माल यांतून कळतो. जात मात्र कळत नाही. त्यासाठी प्रमाणित नमुन्याशी सूक्ष्मदर्शकीय व एचपीटीएलसी तुलनाच करावी लागते.

औषधनिर्मात्यांसाठी

गुडूचीचे आणखी एक पर्यायनाम ‘छिन्नरुहा’, म्हणजे तोडली तरी पुन्हा रुजणारी. शेजाऱ्याने दिलेला कोणताही तुकडा कुंपणाला लागतो आणि ओळखीची चूकही त्याच्यासह पसरते. परंतु याच गुणात उपायही आहे. फुला-फळांसह नमुना घेऊन पुणे येथील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रासारख्या संस्थेकडून एका वेलीची ओळख निश्चित करून घ्यावी. तिच्याच छाटांपासून आपली लागवड करावी. नर-मादी भेद असल्याने बीजापेक्षा छाट अधिक भरवशाची. निंबावरील गुडूची परंपरेने श्रेष्ठ मानली जाते. पण वृक्ष निंबाचा आहे म्हणून वेल गुडूचीच ठरत नाही, हे विसरू नये. बाहेरून माल घ्यावाच लागला, तर पानांसह नमुना मागावा आणि प्रत्येक खेपेचा तुकडा नोंदीसह जपून ठेवावा.

चिकित्सकांसाठी

मात्रा चूर्णाची ३ ते ६ ग्रॅम, क्वाथासाठी २० ते ३० ग्रॅम द्रव्य. रसायन म्हणून महिनोन् महिने घेण्याची मोकळीक रुग्णास देऊ नये. पूर्वीचा यकृतविकार, थायरॉइडचा वा अन्य स्वप्रतिरक्षित विकार आहे काय, हे आरंभीच विचारावे. अरुची, ग्लानी, पीतमूत्रता दिसताच औषध थांबवून यकृताच्या तपासण्या कराव्यात. संशयित घटना आयुष औषधदक्षता केंद्रास अवश्य कळवावी. नोंद कळविल्याने शास्त्रास कमीपणा येत नाही, लपविल्याने येतो.

‘अमृता’ हे नाव आपण ज्या वेलीला देतो, ती हातातली वेल तीच आहे, हे दाखविण्याचे दायित्वही आपलेच आहे. पुढील खेप कोठारात घेण्यापूर्वी प्रत्येकाने मोळी एकदा सोडून पाहावी, एवढीच विनंती.