संगणकाचा पत्ता व माणसाचा खाजगीपणा
(इयत्ता सातवीसाठी पाठाची दिशा)

उद्देश : इंटरनेटवरील आयपी पत्ता म्हणजे काय, त्यावरून परक्यास काय कळते व काय कळत नाही, हे मुलांस समजावे. काही मुलांना वाटते, मोबाइलच्या आड आपणांस कोणी ओळखत नाही. काहींना वाटते, पत्ता कळला की चोर दारात उभा राहील. दोन्ही समज चुकीचे आहेत.

पूर्वज्ञान : टपालापासून आरंभ करावा. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजिलेली सहा अंकी पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पिनकोडवरून टपाल कचेरी कळते, घर कळत नाही, हे मुलांकडून काढून घ्यावे. मग विचारावे : पत्र धाडणाऱ्याने स्वतःचा पत्ता लिहिलाच नाही, तर उत्तर कोठे येईल?

विषयविवेचन : संकेतस्थळ उघडणे म्हणजे उत्तर मागणारे पत्र धाडणेच होय. म्हणून त्यासोबत आयपी पत्ता जातोच. १९८१ साली प्रमाणित झालेल्या पद्धतीत ० ते २५५ यांमधील चार संख्या मिळून एक पत्ता होतो. असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. ते अपुरे पडल्यामुळे अधिक लांब पत्त्यांची नवी पद्धतीही आज वापरात आहे. शिवाय पुष्कळदा एकच पत्ता अनेकांत वाटला जातो. शाळेतील पाच संगणक एका राउटरला जोडलेले असतील, तर बाहेर सामान्यतः एकच पत्ता दिसतो. शाळेच्या पत्त्यावर आलेली पत्रे मुख्याध्यापक ज्याची त्याला देतात, तेच काम राउटर करतो.

या पत्त्यावरून संकेतस्थळास इंटरनेट पुरविणारी कंपनी व ढोबळ मानाने प्रदेश कळतो. मुलाचे नाव वा घर कळत नाही. मात्र कोणत्या वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद त्या कंपनीकडे असते आणि तपासासाठी ती कायद्याने मागविता येते. खोट्या नावाने शिवीगाळ करणारा अदृश्य राहतो, असे मानू नये. ब्राउझरच्या गुप्त खिडकीमुळे फोनमध्ये भेटींची नोंद राहत नाही. पत्ता मात्र लपत नाही.

फलकलेखन : फळ्यावर दोन रकाने आखावेत : ‘आपोआप जाते’ व ‘आपण हाताने देतो’. पहिल्यात आयपी पत्ता येईल. दुसरा मुलांनी भरावा : नाव, शाळा, छायाचित्र, जन्मतारीख, फोन क्रमांक, ठिकाण. घरापर्यंतची वाट दुसऱ्या रकान्यातून जाते आणि तोच आपल्या स्वाधीन आहे, हे पाठाचे सार होय.

शिक्षकांचे कर्तव्य : खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मुलांचे आधार क्रमांक व जन्मतारखा असलेली यादी शिक्षकानेच गावच्या व्हॉट्सॲप गटात टाकली, तर सकाळचा पाठ सायंकाळी पुसला जातो.

गृहपाठ : फोनमधील किती ॲपना ‘ठिकाण’ पाहण्याची परवानगी दिली आहे, ते मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांसमवेत पाहावे. त्यांपैकी खरी गरज किती ॲपना आहे, ते वहीत लिहून आणावे.