संच आपला, हुकूम कोणाचा?

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर एक लहानसा प्रयोग करा. दूरचित्रवाणी संचाचे बटण दाबल्यापासून बातम्या दिसेपर्यंत किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहा. मध्ये किती चौकटी येतात, किती जाहिराती येतात आणि ‘मान्य’ असे किती वेळा सांगावे लागते, तेही वहीत लिहा. मग दादीजानजवळ बसा आणि त्यांच्या तरुणपणी हे काम कसे होत असे, ते त्यांना विचारा.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ साली चित्राला रंग आला. त्या काळी संच लावणे म्हणजे एक कळ फिरवणे. वारा सुटला की गच्चीवरचा अँटेना हलत असे. मग घरातला एकजण वर चढून ‘आलं का?’ असे ओरडे आणि खालून दुसरा ‘गेलं, गेलं!’ म्हणून सांगे. ते संच फार चांगले होते, असे मी म्हणणार नाही. चित्र धूसर दिसे, वाहिनीही एखादीच असे. पण घरी आला त्या दिवशी संच जसा होता, तसाच तो दहा वर्षांनंतरही असे. बिघडलाच तर मोहल्ल्यातला कारागीर मागचे झाकण उघडून तो दुरुस्त करी.

आजच्या ‘स्मार्ट’ संचाचे तसे नाही. त्याच्या पडद्यामागे एक लहान संगणक बसवलेला असतो. संगणकाला काम सांगणाऱ्या सूचनांना आज्ञावली म्हणतात. सॅमसंगच्या संचात टायझन, एलजीच्या संचात वेबओएस, तर इतर अनेक संचांत अँड्रॉइड टीव्ही अशा नावाची आज्ञावली असते. संच इंटरनेटला जोडला की तो अधूनमधून कंपनीच्या संगणकाला विचारतो, ‘माझ्यासाठी काही नवे आहे का?’ असल्यास नवी आज्ञावली उतरवून घेतो आणि जुनीच्या जागी लिहितो. यालाच ‘अपडेट’ म्हणतात. हे लिहिणे चालू असताना ‘वीज बंद करू नका’ अशी सूचना पडद्यावर येते. पान अर्धे लिहून झाले आणि दौत सांडली, तर जुना मजकूरही वाचता येत नाही आणि नवाही. काही संचांत जुनी प्रत निराळी जपून ठेवलेली असते, पण सर्वच संचांत तशी सोय असते असे नाही. आपल्याकडे वीज विचारून जात नाही, म्हणून एवढे खुलासेवार सांगितले.

मग ही नवी आज्ञावली हवीच कशाला? तिची गरज खरी आहे. आज्ञावलीत चुका राहून जातात. अशी चूक म्हणजे घराचे उघडे राहिलेले मागचे दार. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉक्टर वेब या रशियन कंपनीने कळवले की, दूरचित्रवाणीला जोडायच्या सुमारे १३ लाख अँड्रॉइड पेट्यांत एक घातक आज्ञावली शिरली आहे. या पेट्या १९७ देशांत पसरलेल्या होत्या आणि त्यांतील अनेकींत अँड्रॉइडची जुनी आवृत्ती होती. तेव्हा जो संच इंटरनेटला जोडलेला आहे, त्याची दुरुस्ती वेळोवेळी व्हायलाच हवी.

परंतु दुरुस्तीसाठी जे दार उघडते, त्याच दाराने दुसरेही पुष्कळ काही आत येते. ऑगस्ट २०१७ मध्ये सॅमसंगने पाठवलेल्या एका अपडेटनंतर ब्रिटनमधील काही ग्राहकांचे नवे, महागडे संच काळे पडले. सामन्याच्या वेळी असे झाले तर घरात काय गोंधळ उडेल, याची कल्पना तुम्हीच करा! त्याच वर्षी अमेरिकेत आणखी एक प्रकरण मिटवण्यात आले. व्हिझिओ नावाची कंपनी २०१४ पासून आपल्या संचांवर काय पाहिले जाते, याची दर सेकंदाची नोंद घेत होती आणि ती माहिती विकत होती. मालकांना याचा पत्ता नव्हता. असे संच एक कोटी दहा लाख होते. तेथील सरकारी आयोगाने आणि न्यू जर्सी राज्याने खटला भरला, तेव्हा कंपनीने २२ लाख डॉलर भरून तो मिटवला. यातली एक बाब मला सर्वांत गंभीर वाटते. जे जुने संच विकले तेव्हा त्यांत नोंद घेणारी आज्ञावली नव्हती, त्यांतही ती नंतर दुरून घालण्यात आली. माणसाने घरात आणून ठेवलेली वस्तू त्याच्या नकळत बदलली!

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील रोकू कंपनीने आपल्या अटी बदलल्या. पडद्यावर नव्या अटींची चौकट आली आणि ‘मान्य’ म्हटल्याशिवाय पुढे जाता येईना. पैसे केव्हाच देऊन झालेले, संच स्वतःच्या भिंतीवर, आणि तो लावायला परवानगी मात्र कंपनीची.

मुदतीचाही प्रश्न आहे. (उर्दूत ‘मुद्दत’ म्हटले की पुष्कळदा फार मोठा काळ डोळ्यांसमोर येतो. मराठीत ‘मुदत’ म्हणजे ठरवून दिलेला काळ. हा फरक लक्षात ठेवा.) पडदा अनेक वर्षे चांगला चालतो, पण आतला संगणक त्याआधीच मागे पडतो. त्याची स्मरणशक्ती थोडी असते आणि नव्या आज्ञावल्या दरवर्षी जड होत जातात. डिसेंबर २०१९ पासून सॅमसंगच्या २०१० व २०११ सालच्या काही संचांवर नेटफ्लिक्स दिसेनासे झाले. त्या संचांचे चित्र बिघडले नव्हते, आवाजही बिघडला नव्हता. कंपनीच्या बाजूनेही पाहू. संच एकदाच विकला जातो, आणि जुन्या संचासाठी वर्षानुवर्षे दुरुस्ती करत बसणे खर्चाचे असते. हे खरे असले, तरी विकतानाच मुदत सांगायला काय हरकत आहे? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच लागू झाला आहे. इंटरनेटला जोडता येणाऱ्या वस्तूला सुरक्षेच्या दुरुस्त्या किमान किती काळ मिळतील, हे तेथे उत्पादकाला जाहीर करावे लागते.

या सर्व कटकटींमुळे पुष्कळ लोकांना पुन्हा साधा संच हवासा वाटू लागला आहे. साधा म्हणजे जुना नव्हे. चित्र उत्तम हवे, आवाज स्वच्छ हवा, पण बटण दाबले की चित्र दिसावे, एवढीच त्यांची मागणी असते. मोठ्या आकारात असा संच दुकानात सहसा मिळत नाही. मात्र एक सोपा उपाय आहे. स्मार्ट संचाला इंटरनेट जोडूच नये. संच नव्याने मांडताना तो इंटरनेटचा संकेतशब्द विचारतो, तेव्हा बहुतेक संचांत ती पायरी वगळून पुढे जाता येते. मग डीडी फ्री डिशची तबकडी व पेटी जोडली, तर दरमहा पैसे न भरता वाहिन्या दिसतात. तिला इंटरनेट लागत नाही.

ज्यांना इंटरनेटवरचे कार्यक्रमही हवे असतील, त्यांनी संचाच्या मागच्या एचडीएमआय खाचेत एक लहान कांडी जोडावी. आता संगणक कांडीत आणि चित्र संचात, अशी वाटणी होते. कांडीलाही अपडेट येतात, तिलाही अटी असतात, ती माहितीही गोळा करू शकते. पण ती मागे पडली तर संचाच्या मानाने थोड्या पैशांत दुसरी आणता येते, आणि अब्बांनी वर्षभर पैसे साठवून घेतलेला मोठा पडदा भिंतीवर तसाच राहतो. दादीजानना बातम्या पाहायच्या असतील तेव्हा कांडी काढून ठेवा.

यापुढे घरातील मोठ्या माणसांबरोबर दुकानात गेलात, तर पडद्याची लांबी आणि किंमत विचारून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारा. या संचाला दुरुस्त्या किती वर्षे मिळतील? इंटरनेट न जोडता तो चालतो का? दुकानदाराला पहिले उत्तर कदाचित देता येणार नाही. दुसरे मात्र तो तुमच्यासमोर संच लावून दाखवू शकतो.

स्वाध्याय

१. अपडेट चालू असताना वीज बंद का करू नये?
२. व्हिझिओ कंपनीच्या प्रकरणातील कोणती बाब लेखकाला सर्वांत गंभीर वाटते? तुम्हांला काय वाटते?
३. ‘हुकूम’, ‘दुरुस्त’, ‘मुदत’ हे शब्द मराठी वाक्यांत वापरा. घरी उर्दूत ते कसे वापरतात, तेही लिहा.
४. दादीजान किंवा नानीजान यांना विचारून त्यांच्या घरातील पहिल्या दूरचित्रवाणी संचाविषयी आठ-दहा ओळी लिहा.