वालीवच्या गाळ्यात मनिला

ओपनस्टॅकमध्ये सामाईक फोल्डर पुरवणाऱ्या सेवेचं नाव मनिला. वसई पूर्वेला वालीवच्या एका डाय-मोल्डवाल्यांनी ती बसवायला बोलावलं, तेव्हा मी आधी सांगून पाहिलं, ‘‘शेठ, नुसती ड्रॉइंग्ज वाटायची असतील तर नॅसचा एक डबा आणा, मला पैसे कशाला देता?’’ पण छप्पर एक, भावाभावांच्या कंपन्या तीन, आणि एकाचं ड्रॉइंग दुसऱ्याला दिसता कामा नये ही अट. ओपनस्टॅक त्यांच्याकडे आधीपासून चालू होतं. म्हटलं, ठीक आहे.

बसवण्यात फारसं काही नाही. डेटाबेस तयार करायचा, कीस्टोनमध्ये युजर आणि एंडपॉइंट नोंदवायचे, रॅबिटएमक्यूचा पत्ता द्यायचा, एपीआय 8786 पोर्टवर उत्तर देतंय ना ते पाहायचं. खरा निर्णय एकाच ओळीत असतो: ड्रायव्हर_हँडल्स_शेअर_सर्व्हर्स, ‘ट्रू’ की ‘फॉल्स’.

‘ट्रू’ ठेवून जेनेरिक ड्रायव्हर घेतला, की मनिला प्रत्येक शेअर नेटवर्कसाठी नोव्हाकडून एक व्हीएम उभं करून घेते, त्याला सिंडरची डिस्क जोडते आणि त्यातून एनएफएस वाटते. तिन्ही कंपन्या आपसूक वेगळ्या राहतात, म्हणून शेठना हेच हवं होतं. मात्र हे व्हीएम सर्व्हिस प्रोजेक्टमध्ये राहतं. गिऱ्हाइकाच्या यादीत ते दिसतच नाही.

पावसाळा लागला आणि एका रात्री वीज गेली. कंट्रोलर यूपीएसवर होता, कॉम्प्युट नोड नव्हता. सकाळी नोड उठला, डिझाइनवाल्यांनी आपापली व्हीएम हाताने चालू केली, आणि सगळ्यांचे स्क्रीन गोठले. डीएफ मारलं तरी प्रॉम्प्ट परत येईना. मनिलाच्या यादीत मात्र शेअर ‘अव्हेलेबल’. नेटवर्कवाला स्विच बदला म्हणून अडून बसला. कारण साधं होतं: नोड रीबूट झाल्यावर नोव्हा बंद पडलेली व्हीएम स्वतःहून उठवत नाही, आणि फाइल वाटणारी ती न दिसणारी व्हीएम शटऑफ पडून होती. त्यात माउंट ‘हार्ड’, म्हणजे सर्व्हर येईपर्यंत वाट पाहत बसणारं. अशा वेळी कुणी ‘सॉफ्ट’ करा म्हणालं तर ऐकू नका. गोठलेला स्क्रीन परवडतो, अर्धवट लिहिलेलं ड्रॉइंग परवडत नाही.

म्हणून जेनेरिक ड्रायव्हर घेणारच असाल तर नोव्हाच्या कॉन्फिगमध्ये रिझ्यूम_गेस्ट्स_स्टेट_ऑन_होस्ट_बूट ‘ट्रू’ करा आणि अॅडमिनच्या खात्यातून सगळ्या प्रोजेक्टची व्हीएम बघायची सवय लावा. कामाचा माल ठेवायचा तर माझं मत सेफएफएसच्या बाजूने आहे. खर्च वाढतो, पण अख्खं ऑफिस एका व्हीएमवर लटकत नाही. आणि गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी कॉम्प्युट नोडचा प्लग खरोखर काढून बघा. आपल्याकडच्या पावसात ती परीक्षा तशीही होणारच असते.

परवानगीचंही सांगून ठेवतो. साध्या एनएफएसमध्ये पासवर्ड नसतो, आयपी पाहून दार उघडतं. घाईत अख्खा सबनेट उघडून देणारे मी पुष्कळ पाहिलेत. एकेक पत्ता लिहा, कंटाळा आला तरी.

स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका, तो बहुतेक मूळ डिस्कच्याच शेजारी पडलेला असतो. जुलै 2018च्या पुरात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, वसईत वीज नव्हती. शेठनी ते पाहिलेलं, त्यामुळे रॅक माळ्यावर चढवायला त्यांना समजवावं लागलं नाही. दुसरी प्रत गाळ्याबाहेर हवी, हे मात्र यूपीएसचं बिल आल्यावर जरा जड गेलं. आता रोज रात्री बदललेल्या फाइलींची प्रत मुंबईतल्या एका डेटा सेंटरला जाते. अख्खं फोल्डर पाठवायला वालीवच्या लाइनचा अपलोड पुरत नाही.