अ‍ॅट्रिशन : झिजणारे मन



ऑफिसात काम करणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडी 'अ‍ॅट्रिशन' हा शब्द येतो. माणसे नोकरी सोडून जातात, कर्मचारी हळूहळू घटतात, त्या गळतीला ते अ‍ॅट्रिशन म्हणतात. इतिहासाच्या पुस्तकातही हा शब्द भेटतो. १९१६ साली फ्रान्समधील व्हर्दन येथे फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत लढाई चालली. शत्रूला असे दिवसेंदिवस झिजवत नेण्याच्या युद्धाला 'वॉर ऑफ अ‍ॅट्रिशन' म्हणतात.

परंतु इंग्रजीत हा शब्द प्रथम आला तो धार्मिक अर्थाने, चौदाव्या शतकात. त्याचे मूळ घर आहे प्रायश्चित्त संस्कार!

लॅटिन भाषेत 'तेरेरे' म्हणजे घासणे. त्या एका धातूपासून दोन शब्द झाले. एखादी वस्तू घासून झिजवणे म्हणजे अ‍ॅट्रिशन. ती पूर्ण चिरडून चूर करणे म्हणजे कंट्रिशन. सहाणेवर चंदनाचे खोड झिजते, पण खोड शिल्लक राहते. जात्यात मात्र दाण्याचे पीठ होते. स्तोत्र ५१ मध्ये देवाला आवडणाऱ्या भग्न हृदयाचा उल्लेख आहे. लॅटिन बायबलमध्ये तेथे हाच चूर होण्याचा शब्द आहे.

मध्ययुगातील ईशज्ञानी पंडितांनी हे दोन्ही शब्द पश्चात्तापाला लावले. देवावरील प्रेमापोटी, 'मी अशा प्रेमळ पित्याला दुखावले' म्हणून होणारे दुःख म्हणजे कंट्रिशन, परिपूर्ण पश्चात्ताप. पापाची किळस वाटून किंवा नरकाच्या शिक्षेच्या भीतीने होणारे दुःख म्हणजे अ‍ॅट्रिशन, अपूर्ण पश्चात्ताप.

येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनातील प्रश्न उभा राहतो : "मी भीतीपोटीच आलो आहे. माझा पश्चात्ताप खरा नाही. मग कन्फेशनला जाऊन काय उपयोग?" या विचाराने काही जण वर्षानुवर्षे दूर राहतात.

ख्रिस्तसभेचे उत्तर स्पष्ट आहे. १५५१ साली ट्रेंटच्या महापरिषदेने शिकवले, की असा अपूर्ण पश्चात्तापही देवाचे दान आहे, पवित्र आत्म्याची प्रेरणा आहे. तो एकटा गंभीर पापांची क्षमा मिळवून देऊ शकत नाही. पण प्रायश्चित्त संस्कारात क्षमा स्वीकारण्यासाठी तो आपली तयारी करतो. अट एवढीच, की पाप करण्याची इच्छा सोडलेली असावी आणि क्षमेची आशा असावी. शिक्षेची भीती आहे, पण पाप सोडायचे नाही, याला पश्चात्ताप म्हणत नाहीत.

पुढे या संस्कारासाठी अ‍ॅट्रिशनमध्ये थोडे तरी देवप्रेम हवे की नको, यावर पंडितांत एवढा वाद पेटला, की १६६७ साली पोप अलेक्झांडर सातवे यांनी दोन्ही पक्षांना एकमेकांवर दोषारोप करण्यास मनाई केली.

संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राकडे पाहू या. त्याला घराची आठवण कशामुळे झाली? भुकेमुळे! बापाच्या घरी मजुरांनाही पोटभर भाकरी मिळते, हे त्याला आठवले. त्या भुकेनेच तो उठला आणि चालू लागला. बापाने त्याच्या मनाची परीक्षा घेतली नाही. तो दूर असतानाच बाप धावत गेला आणि त्याच्या गळ्यात पडला.

जुन्या विहिरीच्या काठावरील दगडाला दोराची खाच पडलेली आपण पाहिली आहे. दोर मऊ, दगड कठीण. पण रोजच्या घासण्याने दगड झिजला. देवाची कृपाही आपल्या मनावर अशीच काम करीत असते.

तेव्हा, आपले मन पूर्ण चूर होण्याची वाट पाहत थांबू नये. ते थोडे झिजले असेल, तर तेवढेच घेऊन प्रायश्चित्त संस्काराला येऊ या. भीतीने सुरू झालेली वाट प्रेमापर्यंत नेणे हे प्रभूचे काम आहे.