पावसाळ्यातले गांडूळखत : पांढऱ्या कृमींवर औषध टाकू नका, बेडातले पाणी आवरा

जून ते सप्टेंबर या काळात गांडूळखत करणाऱ्यांची एक तक्रार हमखास वाढते. बेडाचा वरचा थर उकरला की दोऱ्याच्या तुकड्यांसारखे बारीक, दुधी पांढरे जीव शेकड्यांनी वळवळताना दिसतात. कोणाला ते सूत्रकृमी वाटतात, कोणाला हुमणीची पिल्ले, तर कोणाला माशीच्या अळ्या. मग घाईघाईने दाणेदार कीटकनाशक आणून बेडावर टाकले जाते. हे जीव असे शेकड्यांनी दिसणे म्हणजे बेड फार ओला किंवा आंबट झाल्याची खूण आहे. त्या खुणेवर विष टाकले तर मूळ दोष तसाच राहतो आणि ज्यांच्यासाठी बेड घातला ती गांडुळेच मरतात. म्हणून या हंगामात उपाय करायचा तो पाण्यावर आणि आंबटपणावर.

हे जीव एन्कायट्रायडी कुळातले आहेत. गांडुळांप्रमाणेच त्यांचे शरीर खंडांचे बनलेले असते, खंडांवर सूक्ष्म केस असतात आणि अंडी कोषात घातली जातात. जगभरात या कुळातल्या सुमारे ७०० जातींची नोंद झाली आहे. बहुतेक जाती काही मिलिमीटरपासून दोनेक सेंटिमीटरपर्यंत वाढतात. अंगात रंगद्रव्य नसल्याने त्या पांढऱ्या दिसतात. कुजणारा पाला, त्यावरची बुरशी आणि जिवाणू हे त्यांचे खाणे. निरोगी मूळ कुरतडण्याजोगा जबडा त्यांना नसतो. त्वचेतूनच श्वास घेत असल्याने त्यांना सतत ओल लागते आणि म्हणूनच त्यांची गर्दी बहुधा वरच्या काही सेंटिमीटरच्या थरात आढळते. आम्ल जमीन त्यांना गांडुळांपेक्षा पुष्कळ चांगली मानवते. उत्तर युरोपातल्या सूचिपर्णी जंगलांत माती इतकी आम्ल असते की गांडुळे विरळ होतात. तिथे पाला कुजवण्याच्या कामाचा मोठा भार याच कुळावर असतो आणि एका चौरस मीटरमध्ये त्यांची संख्या हजारोंनी भरते. बेडात गांडुळे घटत जाऊन हे जीव वाढू लागले, तर हीच अवस्था आपल्या शेडमध्ये तयार होत आहे असे समजावे.

उपायाआधी ओळख पक्की करावी, कारण चुकीच्या ओळखीतूनच चुकीचे औषध येते. हुमणीची अळी जाडसर असते, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली असते, तिचे डोके तपकिरी असते आणि तिला पायांच्या तीन जोड्या असतात. कुजक्या भागात वाढणाऱ्या बारीक माश्यांच्या अळीचे डोके काळे, चकचकीत असते. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमी नुसत्या डोळ्यांनी अशा वळवळताना दिसतच नाहीत, त्यांचा पुरावा मुळांवरच्या गाठींत शोधावा लागतो. गांडुळाच्या पिल्लाच्या अंगातून रक्ताची तांबूस रेघ दिसते. पाय नाहीत, वेगळे डोके नाही, लाल रेघ नाही आणि अंग हळूहळू लांबवत-आखडत सरकणे आहे, तर तो जीव बहुधा याच कुळातला.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे जीव गांडुळांचे खाणे पळवतात, मग त्यांना मारण्यात गैर काय? ते कुजक्या मालात वाटेकरी होतात हे खरे. पण ज्या बेडात ओल आणि आम्लता बेताची आहे तिथे गांडुळेच वरचढ राहतात. गांडुळे हटतात ती बेड बिघडल्यामुळे आणि रिकाम्या झालेल्या जागी हे जीव वाढतात. दुसरे म्हणजे, गांडुळाला सोडून फक्त यांनाच मारणारे औषध नाही. दोघांची त्वचा सारखीच पातळ आणि ओली, त्यामुळे विष दोघांनाही भिनते. मातीतल्या जिवांवर रसायनांचा परिणाम तपासण्यासाठी याच कुळातल्या जाती प्रयोगशाळेत वापरल्या जातात आणि त्या चाचण्यांत तुलनेसाठी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा उपयोग होतो, कारण त्याचा या जिवांवरचा घातक परिणाम पक्का माहीत आहे. गांडुळांनाही ते तितकेच बाधते. तेव्हा ‘बुरशीनाशकच तर आहे’ म्हणून त्याची आळवणी बेडात करणे धोक्याचे आहे. फोरेट या दाणेदार कीटकनाशकाच्या विक्रीवर आणि वापरावर २०२० अखेरीपासून देशात बंदी आहे. जुना साठा असला तरी तो बाहेर काढू नये.

पाण्याची परीक्षा मुठीने करावी. बेडातला माल मुठीत घट्ट दाबला असता बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागता कामा नये. धार लागत असेल तर पाणी मारणे थांबवावे, शेडच्या बाजूंना ताडपत्रीचे आडोसे बांधून झड अडवावी, बेडाखालचा निचरा मोकळा करावा आणि वरचा भिजलेला गोणपाट काढून कोरडा घालावा. सुकलेला पाला, बारीक केलेले पाचट किंवा पुठ्ठ्याचे तुकडे वरच्या थरात हलक्या हाताने मिसळले की जास्तीचे पाणी शोषले जाते आणि हवा खेळते. बेड कोरडाठाक मात्र करू नये, नाहीतर गांडुळेही जातील. आंबूस वास येत असेल तर लिंबूवर्गीय फळांच्या साली, अननसाचा चोथा आणि ओला स्वयंपाकघरातला कचरा दोन-तीन आठवडे बंद ठेवावा. अंड्याच्या टरफलांची बारीक पूड किंवा चुनखडीची भुकटी अगदी थोडी भुरभुरावी. कळीचा चुना घालू नये. ताजे शेण किंवा मूत्र भरपूर असलेल्या बेडात त्यामुळे सामू एकदम वाढला तर अमोनिया सुटतो आणि गांडुळे मरतात. संख्या लवकर कमी करायची असेल तर दुधात भिजवलेला पावाचा तुकडा संध्याकाळी बेडावर ठेवावा. त्यावर गोळा झालेले जीव सकाळी तुकड्यासह उचलावेत. शोभेच्या माशांसाठी ते चांगले खाद्य आहे आणि याच कुळातल्या काही जाती त्यासाठी मुद्दाम वाढवल्याही जातात.

दुसरा आक्षेप रोपवाटिकांचा आहे आणि तो जास्त गंभीरपणे घ्यायला हवा. सुपारी, काळी मिरी किंवा काजू कलमाची पिशवी फोडल्यावर मेलेल्या मुळांभोवती हे जीव सापडतात, मग दोष त्यांचा नाही असे कसे म्हणायचे? इथे क्रम लक्षात घ्यावा. साचलेल्या पाण्यात फायटोफ्थोरा, पिथियम अशा बुरशीसदृश रोगजंतूंनी मूळ आधी सडते आणि सडलेल्या भागावर हे जीव नंतर येतात. पडताळा सोपा आहे. त्याच ओळीतले निरोगी रोप उपटून पाहावे. मुळाची टोके पांढरी, टणक असतील आणि जीव आजूबाजूला असूनही मूळ शाबूत असेल, तर त्यांनी ते खाल्लेले नाही. मूळ तपकिरी होऊन साल सहज सरकत असेल तर ती कूज आहे. अशा वेळी पिशव्यांची भोके मोकळी करावीत, पिशव्या जमिनीला न टेकवता उंचवट्यावर मांडाव्यात, रोगट रोपे वेगळी काढावीत आणि ट्रायकोडर्मा मिसळलेले कुजलेले शेणखत द्यावे. पांढरे जीव मारून सड थांबत नाही.

तिसरा प्रश्न बागेतल्या जमिनीचा. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडाची माती मुळातच आम्ल, त्यावर मुसळधार पाऊस आणि पालापाचोळ्याचे आच्छादन. अशा सुपारीच्या किंवा आंब्याच्या बागेत हे जीव दिसणे स्वाभाविक आहे आणि तिथे काहीच करू नये. पाला बारीक करणे, बुरशी खाऊन अन्नद्रव्ये मोकळी करणे, बारीक विष्ठेतून मातीचे कण बांधणे ही कामे ते फुकट करतात. काळजी घ्यायची ती उलट बाजूने. सुपारीवरच्या कोळे रोगासाठी दर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण फवारावे लागते आणि त्यातले तांबे जमिनीतून नाहीसे होत नाही, वरच्या थरात साठत जाते. तांबे जास्त झाले की मातीतल्या या जिवांना आणि गांडुळांना दोघांनाही बाधते. फवारणी सोडून द्यावी असा याचा अर्थ नाही. मिश्रण शिफारशीच्या तीव्रतेचे असावे, घड भिजेल इतकेच फवारावे आणि उरलेले द्रावण बुंध्याशी ओतू नये.

या हंगामात शेडवर एक छोटा नेम पाळावा : आठवड्यातून एकदा मुठीची परीक्षा, वास आणि वरच्या थराची पाहणी. पांढरे जीव थोडे असतील तर बेड नीट चालला आहे. एकाएकी वाढले तर त्याच दिवशी पाणी कमी करावे आणि आंबट माल थांबवावा. औषधाच्या दुकानात जाण्याची गरज यापैकी कोणत्याही टप्प्यावर पडत नाही आणि बेडात विष गेले नाही तर त्याच बेडाचे खत व वर्मीवॉश आपण निर्धास्तपणे पिकाला देऊ शकतो.