लहान जातीच्या श्वानपिल्लांसाठी संतुलित आहाराची निवड

प्रस्तावना

इंडियन स्पिट्झ, पग, डॅशहुंड, ल्हासा ॲप्सो यांसारख्या लहान जातींची कुत्री आता केवळ शहरी घरांपुरती मर्यादित राहिलेली नाहीत. मळ्यातील घरे, दुग्धव्यवसाय करणारी कुटुंबे आणि निमशहरी वस्त्या येथेही ती आढळतात. भारतात पॉमेरेनियन या नावाने ओळखली जाणारी बहुतेक कुत्री प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ असतात. या पिल्लांना सामान्यतः दूध-चपाती किंवा दूध-भात दिला जातो. गावात मोकळे फिरणारे कुत्रे अशा आहारातील उणीव इतरत्र मिळेल ते खाऊन काही अंशी भरून काढते. घरात बांधलेल्या लहान पिल्लाला मात्र ताटलीत पडेल तेवढेच मिळते. म्हणून पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टींमधील फरक समजून घेणे आवश्यक ठरते.

पशुसंवर्धनविषयक सल्ला देताना विस्तार कार्यकर्त्यांना पिल्लांच्या आहाराविषयीही विचारणा होते. त्या दृष्टीने आहाराची निवड, प्रमाण आणि घ्यावयाची काळजी यांची माहिती पुढे दिली आहे.

शरीर लहान, गरज मोठी

विश्रांतीच्या अवस्थेत कुत्र्याला लागणारी ऊर्जा काढण्यासाठी किलोग्रॅममधील वजनाचा ०.७५ घात घेऊन त्याला ७० ने गुणतात. वाढत्या पिल्लांना साधारण चार महिन्यांपर्यंत या ऊर्जेच्या तिप्पट आणि त्यानंतर वाढ पूर्ण होईपर्यंत सुमारे दुप्पट ऊर्जा लागते. या सूत्रानुसार दररोजची गरज पुढीलप्रमाणे येते.

• १ किलो वजन, चार महिन्यांपेक्षा लहान : सुमारे २१० किलोकॅलरी
• २ किलो वजन, चार महिन्यांपेक्षा लहान : सुमारे ३५० किलोकॅलरी
• ३ किलो वजन, चार महिन्यांपेक्षा मोठे : सुमारे ३२० किलोकॅलरी

दोन किलोच्या पिल्लाला दर किलो वजनामागे सुमारे १७५ किलोकॅलरी लागतात. वीस किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला हेच प्रमाण सुमारे ५० किलोकॅलरी पुरते. म्हणजे लहान पिल्लाची गरज दर किलोमागे तिपटीहून अधिक असते, पण जठर मात्र लहान असते. त्यामुळे त्याचा आहार थोड्या आकारमानात अधिक ऊर्जा आणि सर्व पोषक घटक देणारा असावा लागतो.

लहान जातींची वाढ साधारणपणे ८ ते १२ महिन्यांत पूर्ण होते. मुधोळ हाउंड, म्हणजेच महाराष्ट्रात परिचित असलेला कारवान, किंवा तमिळनाडूतील राजापालयम यांसारख्या मोठ्या चणीच्या कुत्र्यांना त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून एका जातीसाठी सांगितलेले आहाराचे प्रमाण दुसऱ्या जातीला जसेच्या तसे लागू करू नये.

रक्तातील साखर घटण्याचा धोका

लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा अल्प असतो. काही तास उपाशी राहिल्यास, जुलाब झाल्यास किंवा थंडी लागल्यास रक्तातील साखर झपाट्याने घटते. पिल्लू सुस्त होते, झोकांड्या देते, थरथरते आणि वेळेवर उपाय न झाल्यास झटके येऊन दगावते. चार महिन्यांपेक्षा लहान व अत्यंत छोट्या चणीच्या पिल्लांमध्ये हा धोका सर्वाधिक असतो. नवीन पिल्लू लांबच्या प्रवासाने घरी आणले असता पहिल्या दोन-तीन दिवसांत विशेष लक्ष ठेवावे.

अशी लक्षणे दिसताच मध किंवा साखरेचा दाट पाक बोटाने हिरड्यांना चोळावा, पिल्लू उबदार कापडात गुंडाळावे आणि त्वरित पशुवैद्यकाकडे न्यावे. शुद्ध हरपलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध किंवा पाणी ओतू नये. ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.

दूध-चपाती अपुरी का पडते?

भारतात मिळणाऱ्या अनेक श्वानखाद्यांच्या वेष्टनावर अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या 'आफ्को' या संघटनेच्या मानकांचा उल्लेख असतो. या मानकांनुसार वाढत्या पिल्लांच्या आहारात दर १,००० किलोकॅलरीमागे किमान ३ ग्रॅम कॅल्शियम व सुमारे ५६ ग्रॅम प्रथिने असावीत. दोन किलोच्या पिल्लाला या हिशेबाने दररोज सुमारे १ ग्रॅम कॅल्शियम आणि २० ग्रॅम प्रथिने लागतात.

या पिल्लाला दिवसभरात २०० मिलिलिटर गाईचे दूध आणि ७० ग्रॅम कणकेच्या चपात्या दिल्या, तर सुमारे ३६० किलोकॅलरी मिळतात. ऊर्जेची गरज भागते, पोट भरते आणि पालकाचे समाधानही होते. परंतु या आहारातून कॅल्शियम केवळ पाव ग्रॅमच्या आसपास, म्हणजे गरजेच्या चौथ्या हिश्शाएवढे मिळते. प्रथिने सुमारे १४ ग्रॅमच भरतात. गव्हातील फॉस्फरसचा बराचसा भाग फायटेटच्या स्वरूपात असल्याने उपलब्ध कॅल्शियमचे शोषणही घटते. केवळ दुधातून १ ग्रॅम कॅल्शियम मिळवायचे झाल्यास दररोज ८०० मिलिलिटरहून अधिक दूध पाजावे लागेल. दोन किलोच्या पिल्लाला ते झेपणारे नाही.

दूध सोसण्याचा प्रश्न वेगळाच. कुत्रीच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात, तर दुग्धशर्करा कमी असते. त्यामुळे गाई-म्हशीचे दूध अधिक प्रमाणात दिल्यास अनेक पिल्लांना जुलाब होतात.

केवळ चिकन-भात देणे हाही योग्य उपाय नाही. हाडविरहित चिकनमध्ये कॅल्शियमच्या तुलनेत फॉस्फरस पंधरा ते वीस पट असतो. आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे गुणोत्तर १:१ ते २:१ या मर्यादेत असावे लागते. ते बिघडल्यास रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतील कॅल्शियम काढून घेते. परिणामी पाय वाकतात, पिल्लू लंगडते, तर कधी सोफ्यावरून मारलेल्या साध्या उडीनेही हाड मोडते. अशा पिल्लाला कोवळ्या उन्हात बसवण्याचा सल्ला दिला जातो. परंतु कुत्र्यांच्या त्वचेत सूर्यप्रकाशामुळे पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही. ते आहारातूनच मिळावे लागते.

तयार खाद्याची निवड

१. वेष्टनावरील विधान पाहावे : खाद्य 'कंप्लीट अँड बॅलन्स्ड' असून ते 'ग्रोथ' किंवा 'ऑल लाइफ स्टेजेस' या अवस्थेसाठी असल्याचा उल्लेख असावा. केवळ 'ॲडल्ट मेंटेनन्स' असे लिहिलेले खाद्य पिल्लांना देऊ नये. 'ट्रीट' किंवा 'कॉम्प्लिमेंटरी' असे लिहिलेला पदार्थ पूर्ण आहार नसतो.

२. शुष्क भागाच्या आधारे तुलना करावी : कोरड्या खाद्यात पाण्याचा अंश सुमारे १० टक्के, तर ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के असतो. कोरड्या खाद्यावर २६ टक्के प्रथिने लिहिलेली असल्यास शुष्क भागात ती सुमारे २९ टक्के भरतात. ८० टक्के पाणी असलेल्या ओल्या खाद्यावरील ८ टक्के प्रथिने शुष्क भागात ४० टक्के होतात. छापील टक्केवारीला शुष्क भागाच्या टक्केवारीने भागून १०० ने गुणल्यास हा आकडा मिळतो. पिल्लांच्या खाद्यात शुष्क भागाच्या आधारे किमान २२.५ टक्के प्रथिने व ८.५ टक्के स्निग्धांश असावेत.

३. ऊर्जेची घनता तपासावी : कोरड्या खाद्यात दर १०० ग्रॅममागे साधारणपणे ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात. दोन किलोच्या पिल्लाला असे सुमारे ९० ते १०० ग्रॅम खाद्य पुरते. हीच ऊर्जा ओल्या खाद्यातून मिळवण्यासाठी साधारण चौपट वजनाचे खाद्य लागते. म्हणून ओले खाद्य मुख्य आहाराऐवजी चव वाढवण्यासाठी वापरणे सोयीचे ठरते.

४. दाण्यांचा आकार पाहावा : लहान जबड्यासाठी लहान दाणे असावेत. सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना दाणे कोमट पाण्यात भिजवून मऊ करून द्यावेत.

५. खर्चाचा हिशेब करावा : दररोज १०० ग्रॅम या दराने महिन्याला सुमारे तीन किलो खाद्य लागते. मोठी पिशवी स्वस्त वाटली तरी उघडल्यानंतर ती महिना-दीड महिन्यात संपणारी असावी. पावसाळ्यात पिशवीचे तोंड घट्ट बंद करून ती कोरड्या जागी ठेवावी.

संतुलित खाद्य चालू असताना कॅल्शियमचे टॉनिक स्वतःहून देऊ नये. अतिरिक्त कॅल्शियमही हाडांच्या वाढीस घातक ठरू शकते. गाई-म्हशींसाठीचे खनिज मिश्रण पिल्लांना मुळीच देऊ नये. त्यातील घटकांचे प्रमाण मोठ्या जनावरांच्या गरजेनुसार ठरवलेले असते.

आहार देण्याच्या वेळा

• आठ ते बारा आठवडे : दिवसातून चार वेळा. फार छोट्या पिल्लांना पाच ते सहा वेळा.
• तीन ते सहा महिने : दिवसातून तीन वेळा.
• सहा महिन्यांनंतर : दिवसातून दोन वेळा.

लहान पिल्लांना रात्रीचे शेवटचे खाणे उशिरा आणि सकाळचे पहिले खाणे लवकर द्यावे, म्हणजे उपाशी राहण्याचा काळ कमी होतो. भारतातील श्वानप्रजनन व विक्रीविषयक २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लांची विक्री करता येत नाही. आईचे दूध सुटून पिल्लू घन आहारावर स्थिरावण्यास एवढा अवधी आवश्यक असतो. नवीन घरी आल्यावर आधीचेच खाद्य काही दिवस चालू ठेवावे आणि नवे खाद्य सात दिवसांत थोडे थोडे वाढवत न्यावे.

घरगुती आहार द्यायचा असल्यास

शिजवलेले अंडे, चिकन, यकृताचा थोडा अंश, मऊ भात आणि उकडलेला लाल भोपळा किंवा गाजर हे घटक उपयुक्त आहेत. अंडे शिजवूनच द्यावे. कच्च्या पांढऱ्या बलकातील ॲव्हिडिन हा घटक बायोटिनचे शोषण रोखतो. मात्र केवळ चांगले घटक एकत्र केल्याने आहार संतुलित होत नाही. कॅल्शियम, जस्त, ड व ई जीवनसत्त्व आणि आवश्यक मेदाम्ले यांची उणीव राहते. त्यामुळे पिल्लाचे वजन सांगून पशुवैद्यकाकडून पूरक खनिजांचे प्रमाण निश्चित करून घ्यावे. शाकाहारी कुटुंबांनी दही-भातावर विसंबून न राहता पिल्लांसाठीचे संपूर्ण संतुलित तयार खाद्य मुख्य आहार म्हणून निवडणे सुरक्षित ठरते. त्यासोबत दही किंवा पनीर अल्प प्रमाणात देता येते. वरखाऊ पदार्थ एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत.

शेतघरातील घातक पदार्थ

पिल्लाचे वजन कमी असल्याने मोठ्या कुत्र्याला कदाचित सोसेल एवढी मात्राही त्याला घातक ठरू शकते.

• द्राक्षे, बेदाणे, मनुका : यांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. नाशिक, सांगली, विजयपुरा यांसारख्या द्राक्षपट्ट्यांत पिल्ले बेदाणा शेडपासून दूर ठेवावीत. चुकून खाल्ल्यास लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे.

• कांदा व लसूण : कच्चे असोत वा शिजवलेले, ते तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. त्यामुळे फोडणीची आमटी किंवा रस्सा पिल्लाच्या भातावर घालू नये.

• बुरशी लागलेला मका, शेंगदाणे व पेंड : यांतील अफ्लाटॉक्सिन यकृतावर आघात करते. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात बुरशीयुक्त मका खाल्ल्याने माणसांमध्ये काविळीची साथ पसरली, तेव्हा गावांतील कुत्र्यांमध्येही तसाच आजार आढळला होता. जनावरांसाठी बाजूला काढलेले खराब धान्य कुत्र्याला घालण्याची सवय म्हणून थांबवावी.

• चॉकलेट, शुगरफ्री च्युइंगममधील झायलिटॉल आणि शिजवलेली हाडे : यांपासूनही पिल्लांना दूर ठेवावे.

वाढीची नोंद

दर आठवड्याला ठरावीक दिवशी पिल्लाचे वजन करून वहीत नोंदवावे. स्वयंपाकघरातील किंवा दुकानातील काटाही त्यासाठी चालतो. बरगड्या हलक्या स्पर्शाने जाणवाव्यात, पण उठून दिसू नयेत. वरून पाहिल्यास कंबर किंचित आत गेलेली असावी. शेण घट्ट व आकारबद्ध असावे. वजन सलग वाढत नसल्यास, पोट फुगलेले दिसल्यास किंवा केस निस्तेज झाल्यास जंतांची शक्यता तपासून घ्यावी. पिल्लांचे जंतनिर्मूलन साधारणपणे दोन आठवड्यांच्या वयापासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सुरू करतात. पोटात जंत असल्यास उत्तम खाद्यही अंगी लागत नाही.

निष्कर्ष

लहान जातीच्या पिल्लाच्या जठरात जागा थोडी असते. त्या जागेत गेलेला प्रत्येक घास पोषणाच्या दृष्टीने परिपूर्ण असावा लागतो. विस्तार कार्यकर्त्यांनी पालकांना तीन प्रश्न विचारावेत : पिल्लाचे वजन किती आहे, दिवसभरात नेमके काय आणि किती दिले जाते, आणि रात्री ते किती तास उपाशी असते? या उत्तरांवरून आहारातील उणीव बहुतेक वेळा लक्षात येते. पाय वाकण्यापूर्वी ती लक्षात आल्यास आहारात बदल करून पिल्लाची वाढ पूर्ववत करणे शक्य होते.