ट्रान्सपोर्ट स्ट्रीम: टीव्हीच्या केबलमधली मालगाडी



कल्पना करा, ब्राउनश्वाइगमध्ये गणेशोत्सव आहे. हॉल भरलाय. आजी-आजोबा आणि लहान मुलं शेजारच्या खोलीत टीव्हीसमोर बसली आहेत. कॅमेरा एन्कोडरला जोडलाय, एन्कोडरमधून अँटेनाची केबल टीव्हीकडे जाते. आरती सुरू होते आणि चित्र फुटतं, टाळ आधी वाजतो आणि हात मागून हलतात. यंत्र बिघडलेलं नसतं, बहुतेक वेळा सेटिंग चुकलेलं असतं. आज तीच सेटिंग्ज समजून घेऊ.

ब्राउनश्वाइगशी या विषयाचं जुनं नातं आहे. युरोपातल्या डिजिटल टीव्हीचे नियम ठरवणाऱ्या डीव्हीबी प्रकल्पाच्या तांत्रिक समितीचं अध्यक्षपद इथल्या तांत्रिक विद्यापीठाचे प्रा. उलरिश रायमर्स यांनी १९९३ पासून जवळपास दोन दशकं सांभाळलं.

डबे आणि पाट्या

ट्रान्सपोर्ट स्ट्रीम म्हणजे सारख्या मापाच्या डब्यांची न थांबणारी मालगाडी. प्रत्येक डबा १८८ बाइटचा. पहिल्या बाइटची किंमत नेहमी ७१ असते (षोडशमान पद्धतीत ४७). त्यावरून टीव्हीला डबा कुठे सुरू झाला ते कळतं. पुढच्या तीन बाइटमध्ये पीआयडी नावाची पाटी असते. चित्राच्या डब्यांवर एक क्रमांक, आवाजाच्या डब्यांवर दुसरा.

कोणत्या क्रमांकात काय आहे हे टीव्हीला कसं कळतं? पीआयडी ० वर पॅट नावाचा तक्ता येतो. तो कार्यक्रमांची यादी देतो आणि प्रत्येकाचा पीएमटी तक्ता कुठे आहे ते सांगतो. पीएमटी चित्राचे आणि आवाजाचे पीआयडी सांगतो. म्हणून दोन गोष्टींना एकच पीआयडी देऊ नका. ० ते ३१ हे क्रमांक राखीव आहेत. २५६ पासून पुढचे घ्या.

वेगाचा हिशोब

जर्मनीत केबलसाठी डीव्हीबी-सी वापरतात. सिम्बॉल रेट ६९०० आणि ६४-क्वाम ठेवलं, तर गाडीचा एकूण वेग असा निघतो:

६.९ × ६ × १८८ ÷ २०४ = सुमारे ३८.१५ मेगाबिट प्रतिसेकंद

६ म्हणजे प्रत्येक सिम्बॉलमधले बिट. २०४ यासाठी, की प्रत्येक डब्याला चूक दुरुस्तीचे १६ बाइट जोडले जातात. त्यांच्या जोरावर डब्यातले ८ बिघडलेले बाइट सुधारता येतात.

हा वेग स्थिर असतो. चित्राला ८ मेगाबिट दिले, तर उरलेल्या जागेत रिकामे डबे (पीआयडी ८१९१) धावतात. ते वाया गेले असं समजू नका, वेग स्थिर ठेवणं हेच त्यांचं काम. मात्र चित्र, आवाज आणि तक्ते मिळून ३८ च्या वर गेले, की डबे गळतात आणि चित्र फुटतं. म्हणून थोडी जागा कायम मोकळी ठेवा.

नेटवर्कवरून पाठवत असाल, तर एका यूडीपी पाकिटात ७ डबे ठेवा: १३१६ बाइट. आठ केले तर १५०४ होतात आणि इथरनेटची १५०० ची मर्यादा ओलांडली जाते.

घड्याळ

आता टाळ आणि हातांचा प्रश्न. चित्राच्या आणि आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर तो कधी दाखवायचा याची वेळ लिहिलेली असते. पण ती वेळ कोणाच्या घड्याळाची? एन्कोडरच्या, जे सेकंदाला २ कोटी ७० लाख ठोके मोजतं. त्याची नोंद पीसीआर म्हणून गाडीतूनच येते आणि टीव्ही आपलं घड्याळ तिच्याशी जुळवतो.

तुमच्या भिंतीवरचं रेडिओ घड्याळ असंच चालतं. ब्राउनश्वाइगच्या पीटीबी संस्थेच्या अणुघड्याळांवर आधारलेली वेळ फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून डीसीएफ७७ प्रक्षेपित करतं आणि घड्याळ तिच्याशी जुळतं.

नियमानुसार एन्कोडरचं घड्याळ दहा लाखांत ३० ठोके इतकंच चुकू शकतं. क्षुल्लक वाटतं ना? पण टीव्हीने जुळवून घेतलं नाही, तर तासाभरात ०.१०८ सेकंदाचा फरक पडतो, म्हणजे जवळपास तीन चित्रचौकटी. म्हणून पीसीआरचं अंतर ४० मिलिसेकंद किंवा कमी ठेवा. मधल्या एखाद्या पेटीने डबे मागेपुढे केले, तर तिने पीसीआरही नव्याने लिहायला हवा.

मराठीची पाटी

आवाजाच्या भाषेच्या रकान्यात 'डॉइच' तसंच न सोडता मराठीचा तीन अक्षरी कोड भरा: एम-ए-आर. चॅनेलचं नाव देवनागरीत हवं असेल, तर मजकुराचा पहिला बाइट २१ हवा. त्याचा अर्थ 'पुढे यूटीएफ-८ आहे'. एरवी टीव्ही रोमन लिपी समजून वाचतो आणि अगम्य चिन्हं दिसतात. 'गणेशोत्सव' या नावाला २७ बाइट लागतात, वर हा एक. तरीही टीव्हीत देवनागरी फाँट नसेल तर चौकोन दिसतील, म्हणून आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर करून बघा.

एक पथ्य पाळा: ही केबल फक्त तुमच्या एन्कोडरपासून तुमच्या टीव्हीपर्यंत. इमारतीच्या केबलला किंवा छतावरच्या अँटेनाला ती जोडू नका, शेजाऱ्यांचे टीव्ही बिघडतील.

आता आजींना आरती दिसेल, आणि टाळ हातांबरोबरच वाजेल.